व्हिक्टरचे ६१ दिवस

९ एप्रिल १९१७, पहाटे ५.३०

ईस्टरनंतरचा सोमवार. उत्तर फ्रान्समधल्या अरास शहरापुढे ब्रिटिश सैन्याचा हल्ला सुरू होतो. हवेत बर्फ आणि पाऊस एकत्र. याच दिवशी, जर्मनांची तटबंदी घेण्याच्या प्रयत्नात, लेफ्टनंट व्हिक्टर रिचर्डसनच्या डोक्यात गोळी लागते. ती डोळ्यांच्या मागून गेली आहे. तो २२ वर्षांचा आहे आणि अजून ६१ दिवस जगणार आहे.

व्हेरा ब्रिटन या वेळी माल्टा बेटावरच्या लष्करी इस्पितळात नर्स आहे, वय २३. ऑक्सफर्डचं शिक्षण अर्धवट सोडून ती युद्धकाळातल्या स्वयंसेवी परिचारिकांत आली. व्हिक्टर हा तिचा भाऊ एडवर्ड याचा शाळासोबती. तिसरा सोबती रोलंड लेटन. त्याच्याशी व्हेराचं लग्न ठरलं होतं. १९१५ च्या नाताळात त्याच्या रजेवर येण्याची वाट बघत ती बसली होती आणि तो २३ डिसेंबरलाच गेल्याचं तिला २६ तारखेला कळलं. त्यानंतर रोलंडविषयी मोकळेपणाने बोलावं अशी जी दोन-तीन माणसं तिला उरली, त्यांत व्हिक्टर होता.

१ मे, माल्टा. उरले ३९ दिवस

रात्रपाळी करून आलेल्या व्हेराला तार मिळते: व्हिक्टरची दृष्टी गेली, परत येण्याची आशा नाही. त्याच दिवशी दुसरी तार येते. एडवर्डचा आणि तिचा आणखी एक जिवलग मित्र, जेफ्री थर्लो, २३ एप्रिलला मारला गेला.

इथे तिचा निर्णय होतो. माल्टाची नोकरी सोडायची, घरी जायचं, आणि व्हिक्टरला हवं असेल तर त्याच्याशी लग्न करायचं.

याला प्रेम म्हणायचं की नाही यावर पुढे बरंच लिहिलं गेलं. कुणाला त्यात दया दिसली, कुणाला रोलंडची भरपाई. मला ते प्रेमच वाटतं. रोलंडवर होतं तसं नसेल, पण आंधळ्या माणसाचा हात आयुष्यभर धरायला निघालेल्या २३ वर्षांच्या मुलीच्या मनाला दुसरं नाव मला सापडत नाही. तिने शेकडो जखमींची मलमपट्टी केली होती. १९१६ च्या जुलैत सोमच्या लढाईतून आलेल्या माणसांनी लंडनमधलं तिचं इस्पितळ भरून गेलं, तेव्हा ती तिथेच कामाला होती. अशा वॉर्डात टिकायचं तर रोग्याशी जीव जडू द्यायचा नाही, हे नर्सला वेगळं शिकवावं लागत नाही. आता मात्र हजारो जखमींतला एक तिचा झाला होता. त्या एकासाठी बाकीच्यांना सोडून जावं लागणार होतं.

२२ मे. उरले १८ दिवस

ती माल्टा सोडते. मग सिसिली, रोम, पॅरिस. युद्धातल्या गाड्या, थांबे, परवाने.

२८ मे, लंडन. उरले १२ दिवस

चेल्सीचं दुसरं लंडन जनरल इस्पितळ. व्हिक्टर इथे आहे. युद्धात दृष्टी गेलेल्यांवर इथे उपचार होतात आणि इथून अनेकजण रीजंट्स पार्कमधल्या सेंट डन्स्टन्समध्ये जातात. स्वतः अंध झालेले वृत्तपत्रमालक आर्थर पिअरसन यांनी १९१५ मध्ये ती संस्था काढली. तिथे ब्रेल, टंकलेखन, मालिश, कोंबडीपालन शिकवतात. आंधळा शिपाई भीक मागणार नाही, कमावून खाईल, हा तिचा बाणा. म्हणजे व्हिक्टरला पुढे वाट होती. मन रमवण्यासाठी रचलेली ती कल्पना नव्हती.

व्हेरा रोज येते, खाटेजवळ बसते. पण ती इथली नर्स नाही. ड्रेसिंग दुसरीच कुणी बदलते, ताप दुसरीच बघते, तक्त्यावर आकडे दुसरीच लिहिते. इतरांसाठी जे काम तिने दिवसरात्र केलं, ते याच्यासाठी करण्याचा तिला अधिकार नाही. भेटीची वेळ संपली की इतर नातेवाइकांसारखंच उठायचं. हे तिला किती जड गेलं असेल, हे ज्यांनी आपलं माणूस दुसऱ्याच्या हाती सोपवून वॉर्डाबाहेर वाट पाहिली आहे त्यांना कळेल.

व्हिक्टर शांत आहे, बोलतो, बरा होत असल्यासारखा दिसतो. सगळ्यात मोठा धोका इथेच होता. गोळी आपल्यासोबत कपड्याचे धागे, माती, जंतू डोक्यात घेऊन जाते. वरची जखम भरत येते, रोगी जेवू लागतो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि आत मेंदूत गळू पिकत असतं. बाहेरून दिसणारं असं काही नसतं. १९१७ मध्ये त्यावर औषधही नव्हतं: पेनिसिलिनचा शोध १९२८ चा, आणि ते रोग्यापर्यंत पोचायला आणखी दहाहून जास्त वर्षं लागली.

८ जून. शेवटचे काही तास

व्हिक्टरच्या डोक्यात एकाएकी काहीतरी फुटल्यासारखं होतं. त्यानंतर तो बेचैन होतो, मग असंबद्ध बोलू लागतो. घरच्यांना बोलावणं जातं. व्हेराही येते.

मेंदूतल्या गळवात तास असेच जातात. आधी डोकं ठणकतं, मग बोलणं भरकटतं, मग ग्लानी. कवटीतला दाब वाढतो तशी नाडी मंदावते, श्वासाची लय बिघडते. नर्सने नाडी मोजायची, श्वास मोजायचे, डोळ्यांच्या बाहुल्या बघायच्या. इथे जखमी डोळ्यांत तेही धड वाचता येत नाही. डोकं उघडून पू काढावा, तर तो नेमका कुठे साचला आहे हे दाखवणारं आजच्यासारखं यंत्र नाही. अनुभवी डॉक्टरच्या हातातही या घटकेला फारसं काही नव्हतं. इस्पितळाला दोष द्यायला मन धजत नाही.

९ जून

व्हिक्टर जातो. लग्न राहिलं. हल्ल्यातल्या पराक्रमाबद्दल त्याला मिलिटरी क्रॉस मिळाला होता. अंत्यसंस्कार त्याच्या गावी, होव्हमध्ये, लष्करी इतमामाने झाले.

त्यानंतर

व्हेरा काही आठवडे घरी राहिली. मग लंडनमध्ये परिचारिकांच्या कचेरीत पुन्हा भरतीसाठी गेली. तिथल्या बाईंनी विचारलं, माल्टाची नोकरी मध्येच का सोडली? शिस्तीच्या खात्यात हा प्रश्न साधा नसतो. तिने सांगितलं: अरासला आंधळ्या झालेल्या माणसाशी लग्न करायला आले होते, पण मी पोचले आणि थोड्याच दिवसांत तो गेला. त्या बाई नरमल्या. ऑगस्टमध्ये व्हेराला फ्रान्सला, एताप्लच्या २४ व्या जनरल इस्पितळात पाठवलं गेलं. तिथे तिला पहिला वॉर्ड मिळाला तो जखमी जर्मन कैद्यांचा. हे सगळं तिने १९३३ च्या ‘टेस्टमेंट ऑफ यूथ’मध्ये लिहून ठेवलं आहे. अरासला व्हिक्टरवर गोळी झाडणारे ज्या सैन्यातले, त्याच सैन्यातल्या पोरांच्या जखमा ती धूत होती आणि ती पोरं मरू नयेत म्हणून धावत होती. एडवर्ड तेव्हा जिवंत होता.