द्रव हे हत्यारच: प्रस्तावना

पृष्ठभाग घासून, चकाकवून नेमका करण्याच्या शास्त्राची मांडणी बहुधा दगडापासून सुरू होते: दाणा, दाणे धरून ठेवणारा बाँड, दगडाला पुन्हा धार आणणारे ड्रेसिंग. कूलंट, म्हणजे घासताना सोडायचा थंड करणारा द्रव, शेवटी उरकले जाते. हा क्रम मला पटत नाही. दगड आणि द्रव मिळून एकच हत्यार होते, असे मानून मी हा विषय मांडतो आहे.

ग्राइंडिंगचा दगड फिरतो तेव्हा त्याच्या कडेचा वेग सेकंदाला 30 मीटरच्या आसपास असतो. त्याच्याबरोबर हवेचा पातळ थरही फिरतो. नळीतून नुसते सोडलेले कूलंट या थरावर आदळून बाजूला उडते. जॉब, म्हणजे घासायचा तुकडा, न्हाऊन निघालेला दिसतो, पण दगड आणि पोलाद भिडतात नेमकी तीच जागा कोरडी राहते. तिथल्या ऊर्जेची बहुतांश उष्णता होते आणि जॉब ‘जळतो’: तपकिरी-निळसर डाग उमटतो. शेवटचे हलके कट घेऊन डाग घालवता येतो. खाली नरम पडलेला थर मात्र राहू शकतो. अल्कोहोलमध्ये थोडे नायट्रिक आम्ल मिसळून त्या द्रावणात जॉब बुडवला, की हा थर काळपट दिसू लागतो. अशी जळकी रेस (गोळ्या जिच्यावर धावतात ती कडी) बसवलेले बेअरिंग अकाली जाते. अशा वेळी नुसते जास्त कूलंट सोडून भागत नाही. धार नेमक्या जागी आणि दगडाच्या वेगाच्या जवळपास वेगाने पोचावी लागते.

काचेच्या बाबतीत तर पाणी रासायनिक कामही करते. सिरियम ऑक्साइडने भिंग चकाकवताना पाण्यामुळे काचेचा वरचा थर मऊ होतो. पाण्याचा अंश नसलेले तेल वापरले, तर चकाकी येणे जवळपास थांबते.

काही ठिकाणी तर दगडाशिवाय द्रवच हत्यार होतो. अमेरिकेत जेकब रॅबिनाव यांनी 1940च्या दशकात चुंबकाजवळ घट्ट होणारा लोहकणयुक्त द्रव तयार केला. पुढे मिन्स्कमधल्या संशोधकांनी अशा द्रवाने भिंगे चकाकवण्याची वाट शोधली. हे हत्यार झिजत नाही. द्रव फिरत राहतो आणि तो वाहून नेणाऱ्या चाकावर दर वेळी ताजा थर येतो. माझ्या मते या क्षेत्रातली ही सर्वांत सुंदर कल्पना आहे.

विद्यार्थ्यांना एक विनंती: समीकरणांकडे वळण्याआधी ग्राइंडर चालवणाऱ्या कारागिराशेजारी एक पाळी उभे राहा, आणि तो नोझल कुठे व का वळवतो, ते त्यालाच विचारा.