बंबापासून बंद टाकीपर्यंत : अकोल्याच्या जुन्या शहरातील आंघोळीचे पाणी

मोर्णा नदीच्या पश्चिम तीरावर, असदगडाच्या आसऱ्याने वाढलेल्या अकोल्याच्या जुन्या शहरात आंघोळीचे पाणी कसे तापवायचे, हे दीर्घकाळ जळणावर ठरत असे. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजी अंमलाखाली गेले आणि पुढच्या दशकात रेल्वे व अमेरिकी यादवी युद्धाने चढवलेले भाव यांमुळे कापसाचा पेरा वाढला, तसे पऱ्हाट्या, म्हणजे वेचणी संपल्यावर उरणारी कपाशीची वाळलेली झाडे, हे हुकमी सरपण झाले. चुलीवरच्या हंड्याखाली पऱ्हाट्या आणि तुराट्या भराभर पेटत, पण निखारा धरत नसत. बंबाला त्याउलट गोवऱ्या आणि लाकडाच्या ढलप्या लागत.

बंब म्हणजे मधून उभी नळी गेलेले तांब्याचे उंच भांडे. नळीत विस्तव, तिच्याभोवती पाणी, तळाशी राख गाळणारी जाळी आणि बाजूला तोटी अशी त्याची रचना असे. झाकण सैल असल्याने वाफ कोंडत नसे. मात्र पाणी आटले तर सांध्याचा डाग वितळून बंब गळू लागे, म्हणून तोटीतून काढले तेवढे पाणी लगेच वरून ओतण्याचा दंडक होता. बंद न्हाणीत धुमसणाऱ्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू साचतो, हा खरा धोका होता. हवा खेळती नसलेल्या स्नानगृहातील गॅस गिझरने तोच आजही जिवंत ठेवला आहे.

विजेच्या गिझरने विस्तव घरातून नेला आणि त्याबरोबर राखणही नेली, हे या बदलाचे सर्वांत चिंताजनक अंग होय. बंद टाकीत पाणी खोलीच्या तापमानापासून ७० अंशांपर्यंत तापताना सुमारे दोन टक्के फुगते, म्हणजे १५ लिटरच्या टाकीत पाव लिटरहून थोड्या अधिक पाण्याला वाट हवी असते. थर्मोस्टॅट बिघडल्यास वाढणारा दाबही सुरक्षा झडपेतूनच सुटतो. पाणी तापताना त्या झडपेतून पडणारे थेंब ही गळती समजून तिचे तोंड बुजवणे हा जिवावरचा खेळ आहे. अर्थिंग आणि विजेची गळती ३० मिलिअँपिअरला पोचताच वीज तोडणारे उपकरण यांची गरजही तितकीच आहे. बादलीत सोडायच्या रॉडच्या बाबतीत तर बटण बंद करून प्लग काढल्याखेरीज पाण्यात हात घालूच नये.

अकोल्यात याहून वेगळी अडचण पाण्याची आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा, म्हणजे भूजल खारट असलेला प्रदेश, अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला आहे. शहराला महान येथील काटेपूर्णा धरणाचे पाणी मिळत असले, तरी टंचाईत बोअरचे पाणी टाकीत चढते. त्यातील क्षार पोलाद खातात आणि जडपणा तापल्यावर हीटिंग एलिमेंटवर पांढरा थर धरतो. थराखाली उष्णता अडकून एलिमेंट जळते. टाकी वाचवण्यासाठी आत मॅग्नेशियमचा दांडा बसवलेला असतो, जो पोलादाऐवजी स्वतः झिजतो. असे पाणी वापरणाऱ्या घरात तो दरवर्षी काढून पाहावा आणि बोटभर जाडीचा दांडा तारेइतका उरला असल्यास बदलावा. वऱ्हाडी उन्हाळ्यात गच्चीवरची टाकीच पाणी कढत करते आणि गिझर महिनोन्‌महिने बंद राहतो. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाआधी, वीज तोडून, साचलेले पाणी तळातून काढून टाकावे, टाकी पुन्हा भरून नळातून पाण्याची अखंड धार येईपर्यंत थांबावे आणि मगच बटण दाबावे.