दर वर्षी नवा डाव

कॉलेजात आमच्या रोबोटिक्सच्या खोलीत एक वार्षिक विधी असायचा. रोबोकॉन संपली की रोबो उघडायचा. मोटारी आणि बेअरिंगं डब्यात, उरलेलं ॲल्युमिनियम भंगारात. कारण पुढच्या वर्षी खेळच वेगळा! २०१७ साली मऊ चकत्या फेकून गोल टेबलांवर उतरवायच्या होत्या. २०१८ ला आले गोंड्यांचे चेंडू, तेही कड्यातून फेकायचे. सीनियर वैतागले, "अरे, आत्ता कुठे नीट फेकायला लागला होता!" ज्युनियर मात्र खूश. आता सगळेच शून्यावर ना!

तेव्हा वाटायचं, नियम बनवणाऱ्यांना दुसरे उद्योग नाहीत. नंतर इतिहास वाचला आणि जरा उलगडा झाला.

या स्पर्धेचं मूळ टीव्हीत आहे. जपानच्या एनएचकेने १९८८ साली तिथल्या तंत्रविद्यालयांसाठी रोबोंची स्पर्धा सुरू केली. पुढे २००२ पासून आशिया-पॅसिफिकमधल्या प्रसारण संस्थांच्या संघटनेने ती आंतरराष्ट्रीय केली. खेळ यजमान देश ठरवतो आणि त्यात आपल्या मातीतलं काहीतरी घालतो. म्हणून २००८ ला पुण्यात चक्क दहीहंडी होती आणि २०२२ ला दिल्लीत लगोरी! दर वर्षी तोच खेळ दाखवला तर बघणार कोण, हेही आलंच.

पण फायदा फक्त टीव्हीचा झाला असं नाही. टोकियोतली पहिलीच स्पर्धा जिंकली हो ची मिन्ह सिटीच्या विद्यापीठाने, यजमान जपानने नाही. खेळ सगळ्यांनाच नवा असला की जुन्या जाणत्यांची आघाडी थोडी तरी कमी होते, असं माझं मत.

याच्या अगदी उलट रोबोकप. १९९७ ला नागोयात पहिला झाला, तेव्हापासून मुख्य खेळ एकच, फुटबॉल. ध्येय काय, तर २०५० पर्यंत माणसांच्या विश्वविजेत्या संघाला हरवायचं. तिथे खेळ तोच राहतो, नियम कडक होत जातात. नारिंगी चेंडू जाऊन साधा काळा-पांढरा आला, तेव्हा नुसता रंग शोधणारा कोड निरुपयोगी झाला. कुरकुर तिथेही होणारच! पण बाकीचा कोड पुढच्या बॅचला मिळतो.

मग बरोबर कोण? आज रोज दुसऱ्यांचा जुना कोड दुरुस्त करताना मला सीनियरांचं म्हणणं जास्त पटतं. पण त्यांचा राग चुकीच्या गोष्टीवर होता. चकती डावीकडे का जायची, ते शोधायला आम्हाला तीन आठवडे लागले होते. ते कारण आम्ही कुठेच लिहून ठेवलं नाही. दुसऱ्या वर्षी चेंडू डावीकडे जायला लागला, तेव्हा पुन्हा तेवढेच आठवडे गेले.

असो. खेळ बदलू देत. ॲल्युमिनियम खुशाल भंगारात द्या, पण वही ठेवा.