कोंबडी आणि मासोळी : चंद्रपूर–गडचिरोलीचा घरगुती स्वयंपाक

विदर्भाच्या पूर्व टोकाला असलेल्या चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत घरोघरी, थोड्या साहित्यात आणि बहुधा एकाच भांड्यात होणारे कोंबडीचे व माशांचे पदार्थ. कोंबड्याची रस्सेदार भाजी, चिंच किंवा अंबाडी घातलेला माशांचा रस्सा, निखाऱ्यावर भाजलेली मासोळी आणि सुकटीच्या भाज्या हे त्यांचे मुख्य प्रकार. हे पदार्थ सोपे म्हणायचे ते चुलीवरच्या कामापुरते. कोंबडा धरणे, सोलणे, जाळ्यातली मासोळी निवडणे, काटे-खवले काढणे या चुलीआधीच्या कामात खरा वेळ जातो आणि चवीचा निम्मा निकालही तिथेच लागतो.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. ताटातली सीमारेषा मात्र निराळी आहे. वरोरा, भद्रावती, राजुरा हा कापूस-ज्वारीचा मुलूख. तिथे रश्श्याशेजारी ज्वारीची भाकर असते. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, आरमोरी, वडसा ही धानाची झाडीपट्टी. तिथे भाताशिवाय जेवण झाले असे कोणी मानत नाही. दादाजी खोब्रागडे यांनी १९८० च्या दशकात निवड पद्धतीने तयार केलेला ‘एचएमटी’ हा बारीक तांदूळ नागभीड तालुक्यातल्या नांदेड या गावचा. मात्र पातळ, तिखट रश्श्याला जाडा तांदूळच बरा: रस्सा पिऊनही त्याचे शीत शीत वेगळे राहते. दक्षिणेकडे सिरोंच्याला तेलुगू वळणाचा स्वयंपाक सुरू होतो, तर भामरागड-एटापल्लीच्या डोंगरात माडियांचा.

पाणी व मासोळी. दोन्ही जिल्ह्यांत समुद्र नाही, पण पाण्याला तोटा नाही. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. इंद्रावती त्याच तालुक्यात सोमनूरजवळ गोदावरीत येते. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती अशा तीन नद्या भेटतात. याशिवाय तलाव. ब्रिटिश काळात व त्याआधी मालगुजारांच्या आश्रयाने, कोहळी समाजाच्या पाणीज्ञानातून बांधले गेलेले तलाव आज ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणून ओळखले जातात. पूर्व विदर्भात त्यांची संख्या सहा हजारांहून अधिक आहे. घोडाझरी, आसोलामेंढा, नलेश्वर हेही या भागातले मोठे तलाव. धानाला पाणी देणे हे या तलावांचे काम. मासोळी ही त्यांची दुसरी कमाई. ढिवर, भोई व केवट समाजांच्या मच्छीमार सहकारी संस्था ते ठेक्याने घेतात.

तलावात दोन प्रकारची मासोळी असते. रोहू, कतला, मृगळ हे साठलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांची बोटुकली आणून सोडावी लागते. मरळ, शिंगी, देशी मांगूर, बाम, झिंगे आणि बोटाएवढी कितीतरी बारीक मासोळी मात्र आपोआप वाढते. बाजारात वजनाला रोहू-कतला चालतात. ज्याला निवड करता येते तो मरळ घेतो, कारण तिच्यात काटे कमी आणि मांस घट्ट. स्वस्तातली बारीक मासोळी काट्यांसकट खाल्ली जाते. त्यातून मिळणारे कॅल्शियम मोठ्या माशाच्या सोललेल्या तुकड्यात नसते. घरच्या जेवणाच्या हिशेबाने तीच खरी किमती.

२००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलातल्या गावांना पाणवठ्यांतील मासोळीवरही सामूहिक हक्क दिला आहे. धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे सामूहिक वनहक्क देशात सर्वप्रथम मिळालेल्या गावांपैकी एक. तो २००९ मध्ये मिळाला. या गावाची चर्चा बांबूमुळे झाली. मासोळीच्या हक्काबद्दल फारसे कोणी बोलत नाही, खरे तर रोजच्या ताटाशी त्याचा संबंध बांबूपेक्षा जवळचा आहे.

रस्सा करण्याची रीत. गोड्या पाण्यातल्या, विशेषतः तळातल्या माशाला चिखलाचा वास येतो. पाण्यातल्या सूक्ष्म जीवांनी तयार केलेले जिओस्मिन हे द्रव्य त्याचे कारण. आंबटाने हे द्रव्य मोडते. म्हणून नदीकाठचा आणि तलावाकाठचा रस्सा सहसा आंबट असतो. चिंच सगळीकडे, उन्हाळ्यात कैरी, पावसाळ्यात अंबाडीचा पाला. कोकम इथल्या घरात नसते आणि त्यावाचून कोणाचे अडतही नाही.

शिंगी, मांगूर, बाम यांच्या अंगाला बुळबुळीत थर असतो. तो चुलीतली राख चोळून काढतात. गॅसच्या घरात राखेऐवजी जाडे मीठ किंवा बेसन घेतात; काम होते, पण राखेइतके लवकर नाही. शिंगीच्या परांजवळचे काटे विषारी असतात, म्हणून ते आधी छाटतात आणि तोवर मासा लहान मुलांच्या हाती देत नाहीत. तुकड्यांना हळद-मीठ लावून पाव तास ठेवायचे. एक किलो मासोळीला लिंबाएवढी चिंच, एक गड्डा लसूण, दोन कांदे, दोन चमचे धने, चवीप्रमाणे तिखट. कांदा भाजून, धने-लसणासह पाट्यावर वाटतात. गंजात, म्हणजे पातेल्यात, तेल तापले की थोडा मेथीदाणा, मग वाटण. तेल सुटले की चिंचेचा कोळ आणि दोन-तीन वाट्या गरम पाणी. रस्सा उकळल्यावरच मासे सोडायचे आणि त्यानंतर चाटू घालायचा नाही. गंज दोन्ही हातांनी धरून हलवायचा. आठ-दहा मिनिटे पुरे. वरून सांभार, म्हणजे कोथिंबीर. पूर्वी तेल जवसाचे असे. काही घरांत अजूनही आहे. त्याचा उग्र वास पाहुण्याला खटकतो, पण माशाच्या उग्रपणाशी तो जुळतो.

सिरोंच्याकडे हाच रस्सा चिंचेने जास्त दाट आणि जास्त लाल होतो. तेलुगू घरांत त्याला चेपल पुलुसू म्हणतात. चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत निराळीच तऱ्हा. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना १९६० च्या दशकात या भागात वसवले गेले. चंद्रपूर शहरातला बंगाली कॅम्पही अशाच वस्तीतून उभा राहिला. रोहूचे तुकडे आधी तळून मग मोहरीच्या वाटणात किंवा आलू घालून पातळ झोलात सोडणे ही त्यांची पद्धत. शेजारच्या मराठी घरांनी त्यातले आधी तळण्याचे तंत्र उचलले, मोहरी फारशी नाही.

माडिया व गोंड घरांत तेलाचाही खर्च नाही. मासोळीला मीठ-तिखट-हळद लावून पळसाच्या किंवा सागाच्या पानात गुंडाळतात आणि निखाऱ्याच्या कडेला पुरतात. सागाच्या कोवळ्या पानाचा लाल रंग मासोळीला लागतो. पान करपले की मासा शिजला, हेच त्याचे घड्याळ. जास्त सापडलेली बारीक मासोळी चुलीवरच्या माचीवर धुरात वाळवून ठेवतात.

सुकट. ताजी समुद्री मासोळी इथे उशिरा पोहोचली. वाळलेली मात्र आठवडी बाजारात फार जुनी आहे. सरळ रेषेत मोजले तर चंद्रपूर अरबी समुद्रापासून साडेसहाशे किलोमीटरांहून लांब आणि बंगालचा उपसागर त्याहून पुष्कळ जवळ. सुकट म्हणजे वाळलेली बारीक कोळंबी, तिच्या शेजारी बोंबील आणि वाळलेली नदीची मासोळी, असे ढीग मांडलेले असतात. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेले की भामरागडचा रस्ता बंद होतो, कधी कधी अनेक दिवस. अशा वेळी डब्यातली सुकट आणि अंगणातली कोंबडी हाच साठा.

सुकटीची भाजी करायला अर्धा तास पुरतो, म्हणून धानाच्या रोवणीच्या दिवसांत तिला मान. वाटीभर सुकट निवडून डोकी-शेपट्या काढायच्या, कोरड्या तव्यावर खरपूस भाजायची आणि मगच गरम पाण्यात दोनदा धुवायची. उलटा क्रम केला, आधी धुऊन मग भाजली, तर ती चिवट होते आणि घरभर वास राहतो. तेलात लसूण-कांदा, हळद-तिखट, चार वांग्यांच्या फोडी. वांगी अर्धी शिजली की सुकट. मीठ शेवटी आणि चाखून, कारण सुकट स्वतःच खारट. वांग्याऐवजी टमाटर, पोपटीचे दाणे किंवा अंबाडीचा पाला चालतो. पावसाळ्यात वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, मिळतात. ते चिरून, उकळून, पाणी फेकून मग सुकटीबरोबर शिजवतात. ते पहिले पाणी फेकणे टाळू नये, कच्च्या कोंबात सायनाइड देणारी द्रव्ये असतात.

कोंबडी. रोजचे जेवण मासोळी-सुकटीचे, तर कोंबडा पाहुण्याचा. झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडया भरतात आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे नाटक मंडळ्यांचे मुख्य ठाणे. गावात नाटक असले की नातेवाईक मुक्कामाला येतात, रात्रभर नाटक चालते आणि त्याआधी घरोघरी कोंबडा शिजतो. धुळवडीला आणि श्रावणाआधीच्या आखाडातही तसेच. माडिया-गोंडांच्या पंडुमात, म्हणजे सणात, कोंबडी आधी देवाची, मग पंगतीची.

या भागात कोंबडबाजारही भरतात. झुंजीच्या कोंबड्याच्या पायाला धारदार काती बांधतात आणि हरलेला कोंबडा जिंकणाऱ्याच्या गंजात जातो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने या झुंजींना मनाई आहे, पोलिसांच्या धाडी पडतात आणि बाजार जागा बदलतात. त्या कोंबड्याच्या चवीचे गोडवे गाणारे पुष्कळ भेटतात. फिरून-झुंजून कणखर झालेले मांस शिजायला दीड तास घेते, त्यापलीकडे त्यात काही विशेष नाही. रानकोंबडीची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

गावरान कोंबडा सोलल्यावर उरलेली बारीक पिसे जाळावर होरपळून काढतात, कातडी ठेवून तिला हळद चोळतात आणि मग तुकडे करतात. हे काम बहुतेक घरांत पुरुषांचे. फोडणीपासून पुढे बायांचे. कातडी काढून टाकली तर होरपळण्याचा धुरकट वास जातो, आणि गावरान घेण्याचा अर्धा हेतूही.

एक किलो कोंबड्याला दोन मोठे कांदे, मूठभर सुके खोबरे, लसणाचा गड्डा, बोटभर आले, दोन चमचे धने, दोन-तीन चमचे तिखट आणि अर्धी वाटी तेल. कांदा व खोबरे निखाऱ्यात भाजून बाकीच्या जिनसांबरोबर वाटायचे. गंजात तेलावर थोडे आले-लसूण, हळद, मग तुकडे आणि मीठ. पाणी घालायचे नाही. वर ताट ठेवून त्या ताटात पाणी ओतायचे: आतली वाफ थंड ताटाला लागून पुन्हा गंजात पडते, तुकडे अंगच्या पाण्यात शिजतात आणि ताटातले पाणी आपोआप गरम होते. वीस-पंचवीस मिनिटांनी वाटण घालून परतायचे आणि मग तेच गरम पाणी रश्श्याला वापरायचे. थंड पाणी ओतले तर मांस आवळते, असे सगळ्याच घरांत सांगतात. तरण्या कोंबड्याला तास, जुन्या कोंबडीला दीड तास. कुकरच्या पाच-सहा शिट्ट्यांत काम भागते, पण वाटण आधी घातले तर ते तळाला लागते.

ब्रॉयलर कोंबडी पाच-सहा आठवड्यांत दोन किलोची होते. गावरान कोंबड्याला दीड किलोला पोहोचायला सहा महिने तरी लागतात. ब्रॉयलर अर्ध्या तासात शिजते, म्हणून आठवड्याच्या मधल्या दिवशी तीच आणतात. चूक होते ती गावरानचीच कृती तिला लावण्यात. तिच्या कोवळ्या हाडा-सांध्यांतून रश्श्याला दाटपणा येण्याआधीच मांस तुटते. तिच्यासाठी पाणी निम्मे घ्यावे, वाटणात थोडी खसखस किंवा भाजलेले बेसन मिसळावे आणि वाटण आधी पूर्ण परतून मगच तुकडे घालावेत.

परसातल्या कोंबड्यांचा मोठा शत्रू मानमोडी. हा विषाणूजन्य रोग आला की लस न टोचलेला सगळा कळप एका आठवड्यात जाऊ शकतो. वनराज, गिरिराज या सुधारित जाती बऱ्याच घरांत आल्या. त्या लवकर वाढतात, चवीला ब्रॉयलर आणि गावरान यांच्या मध्ये.

बाजार. चंद्रपूर शहरात आता आंध्रातल्या शेततळ्यांचे रोहू-कतला बर्फात येतात. घेताना डोळे फुगीर, कल्ले लाल आणि बोटाने दाबलेली जागा लगेच वर येणारी हवी. थाई मांगूर या नावाने विकल्या जाणाऱ्या आफ्रिकी माशाच्या पालनाला देशात बंदी आहे. तो देशी मांगूर म्हणून खपवतात. आकाराने फार मोठा असेल तर संशय घ्यावा. नागपूरच्या हलबा-कोष्टी घरांतून निघालेली सावजी पद्धत दोन्ही जिल्ह्यांच्या हॉटेलांत पसरली आहे. तिचा काळा, जळजळीत रस्सा अनेकांना इथलाच वाटतो. घरी तो क्वचित होतो, कारण त्याच्या मसाल्याची यादी इथल्या एका आठवड्याच्या किराण्याएवढी लांब असते.