कर्नल विल्यम डोनोव्हन : दोन प्रकारचें धैर्य

रणांगणावर प्राण पणास लावणारे वीर इतिहासांत पुष्कळ आढळतात; परंतु शांततेच्या काळीं स्वकीयांचा रोष पत्करून कर्तव्य बजावणारे विरळाच. अमेरिकेंतील कायदेपंडित व सेनानी विल्यम जोसेफ डोनोव्हन यांच्या चरित्रांत हीं दोन्ही प्रकारचीं धैर्यें एकत्र दिसतात.

१ जानेवारी १८८३ रोजीं न्यूयॉर्क राज्यांतील बफलो शहरीं एका आयरिश कॅथॉलिक कुटुंबांत त्यांचा जन्म झाला. तरुणपणीं धर्मगुरु व्हावें असें त्यांच्या मनांत होतें. पण अखेर ते कायद्याकडे वळले. १९०७ सालीं कोलंबिया विद्यापीठाची पदवी घेऊन ते बफलोस वकिली करूं लागले.

पहिल्या महायुद्धांत ते न्यूयॉर्कच्या विख्यात आयरिश पलटणीबरोबर फ्रान्सला गेले. फादर फ्रॅन्सिस डफी हे त्या पलटणीचे धर्मगुरु होते. ऑक्टोबर १९१८ मध्यें लांद्र-ए-सें-जॉर्ज गांवाजवळ शत्रूच्या बळकट मोर्च्यावर चाल करतांना डोनोव्हन यांच्या पायास मशीनगनच्या गोळ्या लागल्या. तरीहि मागें जाण्याचें नाकारून ते शिपायांना धीर देत राहिले. ह्या शौर्याबद्दल त्यांस राष्ट्राचें सर्वोच्च पदक मिळालें. तें त्यांनीं आपल्या पलटणीच्याच स्वाधीन केलें.

परंतु खरी कसोटी पुढेंच होती. १९२२ सालीं ते पश्चिम न्यूयॉर्कचे सरकारी वकील झाले. त्या काळीं अमेरिकेंत दारूबंदीचा कायदा होता. बफलोंतील सॅटर्न क्लब म्हणजे धनिक व प्रतिष्ठितांचें स्थान; डोनोव्हन स्वतः त्याचे सभासद. कायदा मोडूं नका, अशी सूचना त्यांनीं आधींच दिली होती. ती कोणीं मनावर घेतली नाहीं, तेव्हां ऑगस्ट १९२३ मध्यें त्याच क्लबावर छापा पडला. स्नेही दुरावले, प्रतिष्ठित मंडळींनीं ह्या कृत्यास दगा म्हटलें. पण गुत्तेवाल्यास एक कायदा व क्लबवाल्यास दुसरा, हा भेद त्यांस मान्य नव्हता.

पुढें दुसऱ्या महायुद्धांत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनीं, डोनोव्हन विरुद्ध पक्षाचे असतांहि, १९४२ सालीं स्थापन झालेल्या युद्धकालीन हेरखात्याचें प्रमुखपद त्यांजकडे सोंपविलें. युद्ध संपतांच, १९४५ सालीं, तें खातें बंद झालें. त्याच वर्षीं नाझी पुढाऱ्यांवरील न्युरेंबर्गच्या खटल्यांत त्यांनीं मुख्य अभियोक्ते रॉबर्ट जॅक्सन यांस साह्य केलें. जॅक्सन यांचा भर कागदपत्रांवर होता. साक्षीदार प्रत्यक्ष उभे करावेत, असा डोनोव्हन यांचा आग्रह. मतभेद मिटेना, तेव्हां खटला सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनीं तें काम सोडलें. ८ फेब्रुवारी १९५९ रोजीं त्यांचें निधन झालें.

वाचकहो, गोळीपुढें छाती काढण्याचा प्रसंग आपणांपैकीं थोड्यांवरच येईल. पण पंच, वकील किंवा अधिकारी ह्या नात्यानें आपल्याच आप्तेष्टांस 'हें चुकलें' असें सांगण्याचा प्रसंग पुष्कळांवर येतो. त्या घटकेस ह्या शूर वकिलाचें स्मरण अवश्य व्हावें.