बुगुन लिओसिक्ला

बुगुन लिओसिक्ला (शास्त्रीय नाव : लिओसिक्ला बुगुनोरम) : अरुणाचल प्रदेशाच्या पश्चिम कामेंग जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० ते २,४०० मी. उंचीवरच्या धुक्याच्या डोंगरउतारांवर राहणारा गाणारा पक्षी. कुल लिओथ्रिकिडी. अंगणात कलकलाट करणारे आपले सातभाई याच कुळातले. पण त्यांचा मातकट रंग पाहिलेल्याला हे नाते सहजी पटायचे नाही.

लांबी सुमारे २२ सेंमी. अंग हिरवट करडे, डोक्यावर काळी टोपी, चोच व डोळा यांच्यामध्ये नारिंगी-पिवळा ठिपका. पंखांवर पिवळा, किरमिजी आणि पांढरा असे तीन रंग उठून दिसतात. काळ्या शेपटीचे टोक निखाऱ्यासारखे लाल. आवाज बासरीसारखा, खाली उतरत जाणारा. जुन्या घनदाट अरण्यापेक्षा पूर्वी तोड झालेल्या उतारावरची झुडपे व खुरटी झाडे यांत तो अधिक दिसला आहे.

याचा शोध पुण्यात रेडिओ दुर्बिणींवर काम करणारे खगोलशास्त्रज्ञ रमणा अथ्रेया यांनी लावला. ईगलनेस्ट अभयारण्याच्या परिसरात १९९५ मध्ये त्यांना दोन अनोळखी पक्षी ओझरते दिसले. पुन्हा दर्शन झाले ते थेट २००५ मध्ये. मे २००६ मध्ये दोन पक्षी बारीक जाळ्यात सापडले. नव्या जातीची नोंद करताना एक पक्षी मारून संग्रहालयात ठेवण्याची रूढी आहे. अथ्रेयांनी ती मोडली. तोवर एकूण १४ च पक्षी दिसले होते. त्यांतला एक घालवणे त्यांना परवडणारे वाटले नाही. मोजमापे, छायाचित्रे व ध्वनिमुद्रण करून, हाताळताना गळलेली पिसे तेवढी ठेवून, पक्षी सोडून दिले. त्याच वर्षी ‘इंडियन बर्ड्स’ नियतकालिकात वर्णन प्रसिद्ध झाले. नमुन्याविना जात मान्य करावी का, हा पक्षिशास्त्रातला वाद त्यामुळे पुन्हा तापला.

सर्वांत जवळचा नातलग चीनमधल्या सिच्वान भागातला एमेई शान लिओसिक्ला. दोघांच्या प्रदेशांत हजाराहून अधिक किमी. अंतर आहे.

नाव बुगुन जमातीवरून दिले आहे, आणि ते नुसते मानाचे नाही : पक्षी मुख्यतः दिसतो तो अभयारण्याला लागून असलेल्या बुगुनांच्या सामुदायिक जंगलात, लामा कॅम्पच्या आसपास. आंतरराष्ट्रीय यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे. २०१७ मध्ये सिंगचुंगच्या बुगुनांनी आपल्या जंगलाचा सुमारे १७ चौ. किमी. भाग सामुदायिक राखीव क्षेत्र म्हणून दिला. तिथला पहारा गावातलेच तरुण करतात.