बॅलन्टाइन अ‍ॅडल्ट फॅन्टसी मालिका

बॅलन्टाइन अ‍ॅडल्ट फॅन्टसी ही अमेरिकेतील बॅलन्टाइन बुक्स या प्रकाशनसंस्थेने इ.स. १९६९ ते १९७४ या काळात प्रसिद्ध केलेली अद्भुतरम्य कादंबऱ्या व कथासंग्रहांची पेपरबॅक पुस्तकमाला होय. लेखक लिन कार्टर हे तिचे संपादकीय सल्लागार होते. मालिकेतील अनेक पुस्तके त्यापूर्वी कित्येक दशके बाजारात उपलब्ध नव्हती. आज याच मालिकेच्या मूळ प्रती संग्राहकांना जुन्या बाजारात शोधाव्या लागतात.

पार्श्वभूमी

इ.स. १९६५ मध्ये एस बुक्सने जे. आर. आर. टोलकीन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची स्वस्त आवृत्ती लेखकाच्या संमतीविना अमेरिकेत काढली. त्याच वर्षी बॅलन्टाइनने अधिकृत आवृत्ती आणली व तिचा प्रचंड खप झाला. तशाच वळणाच्या साहित्याची मागणी वाढल्याने संस्थेने ई. आर. एडिसन, मर्विन पीक आदींच्या कादंबऱ्या पुन्हा छापल्या. प्रत्यक्ष मालिकेचा आरंभ मे १९६९ मध्ये फ्लेचर प्रॅट यांच्या 'द ब्लू स्टार'ने झाला. इ.स. १९७३ मध्ये बॅलन्टाइन रँडम हाउसच्या मालकीची झाली आणि एप्रिल १९७४ मधील लॉर्ड डनसेनी यांच्या 'ओव्हर द हिल्स अँड फार अवे'नंतर मालिका थांबली.

लेखकांचा शोध

तत्कालीन अमेरिकी कायद्यानुसार स्वामित्वहक्काची पहिली मुदत २८ वर्षांची असे. वेळेवर नूतनीकरण न झाल्यास हक्क संपुष्टात येई. जुनी पुस्तके पुन्हा छापणे त्यामुळे सोपे होते, मात्र हयात लेखकांची उपेक्षा होण्याचा धोकाही होता.

होप मर्लीस यांची 'लड-इन-द-मिस्ट' (१९२६) ही कादंबरी मालिकेत १९७० मध्ये लेखिकेच्या परवानगीविना आली. त्या हयात आहेत की नाहीत, हे प्रकाशकांना व कार्टर यांना निश्चित करता आले नव्हते. वस्तुतः मर्लीस यांचे निधन १९७८ मध्ये झाले. आज या कादंबरीला लाभलेल्या प्रतिष्ठेचा पाया या पुनर्मुद्रणाने घातला, ही गोष्ट जितकी खरी तितकीच अवघडही आहे.

इव्हँजेलिन वॉल्टन यांच्या बाबतीत वेगळे घडले. वेल्श 'मॅबिनोगियन'मधील चौथ्या शाखेवर आधारित त्यांची 'द व्हर्जिन अँड द स्वाइन' (१९३६) ही कादंबरी १९७० मध्ये 'द आयलंड ऑफ द माइटी' या नव्या नावाने निघाली. लेखिका हयात असून त्यांच्याजवळ उरलेल्या शाखांवरील अप्रकाशित लेखन असल्याचे प्रकाशकांना समजले. त्यातून दुसऱ्या शाखेवरील 'द चिल्ड्रन ऑफ लिर' (१९७१) आणि तिसऱ्या शाखेवरील 'द साँग ऑफ ऱ्हियानन' (१९७२) प्रसिद्ध झाल्या. 'द साँग ऑफ ऱ्हियानन'ला १९७३ चा मिथोपोइक पुरस्कार मिळाला. पहिल्या शाखेवरील 'प्रिन्स ऑफ अन्नून' १९७४ मध्ये, मालिका बंद पडल्यानंतर निघाली. परिणामी कथाक्रम आणि प्रकाशनक्रम जवळजवळ उलटे आहेत आणि चौकडीतील पहिले पुस्तक मालिकेबाहेर राहिले.

मूळ प्रती ओळखणे

मुखपृष्ठावरील गोलातील एकशिंगी घोड्याचे मस्तक ही मालिकेची खूण होय. एडिसन व पीक यांच्या १९६९ पूर्वीच्या मूळ मुद्रणांवर ती नाही. काही याद्यांत मात्र त्या पुस्तकांचाही पूर्वसूरी म्हणून समावेश असतो. गर्व्हासियो गायार्दो, बॉब पेपर इत्यादींची चित्रेही ओळखीस उपयोगी पडतात.

विल्यम मॉरिस यांची 'द वेल अ‍ॅट द वर्ल्ड्स एंड' आणि विल्यम होप हॉजसन यांची 'द नाइट लँड' प्रत्येकी दोन खंडांत निघाल्याने एकच खंड हाती लागण्याचा प्रसंग येतो. डनसेनी यांचे 'अ‍ॅट द एज ऑफ द वर्ल्ड' किंवा क्लार्क अ‍ॅश्टन स्मिथ यांचे 'झोथिक' हे संग्रह कार्टर यांनी नव्याने संकलित केलेले असल्यामुळे ते लेखकांच्या जुन्या पुस्तकांच्या यादीत सापडत नाहीत. केवळ मजकूर वाचायचा असल्यास मॉरिस व हॉजसन यांच्या वरील दोन्ही कादंबऱ्या प्रोजेक्ट गुटेनबर्गवर विनामूल्य उपलब्ध आहेत. 'लड-इन-द-मिस्ट' २००० मध्ये ब्रिटनमधील गोलान्झच्या फॅन्टसी मास्टरवर्क्स मालिकेतही निघाली.